राणीच्या नावाचा बाजार

सिडनी शहराच्या मध्यभागी जॉर्ज स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट, यॉर्क स्ट्रीट आणि ड्रुइट स्ट्रीट या चार रस्त्यांनी वेढलेला एक अख्खा चौक एकाच इमारतीने व्यापलेला आहे. लांबी सुमारे १९० मीटर, रुंदी जेमतेम ३० मीटर. पिवळसर वालुकाश्मात बांधलेल्या कमानींमागून कमानी, मध्यभागी तांब्याच्या पत्र्याने मढवलेला आणि काळाच्या ओघात हिरवा पडलेला भव्य घुमट, आणि त्याच्या दोन्ही अंगांना लहान घुमट्यांची रांग. तिचे नाव ‘क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंग’. तेथील लोक तिला आद्याक्षरांवरून ‘क्यूव्हीबी’ म्हणतात. आज तेथे कपडे, दागिने, घड्याळे, चॉकलेटे आणि चहा विकला जातो. सव्वाशे वर्षांपूर्वी ती बांधली गेली तीही बाजार म्हणूनच. मधल्या काळात मात्र ती सरकारी कचेरी झाली, ग्रंथालय झाली, आणि एकदा तर वाहनतळासाठी पाडून टाकण्याच्या यादीत जाऊन बसली. एक वास्तू तोट्यात किती वर्षे उभी राहू शकते आणि तिला पुन्हा नफ्यात कसे आणता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही. म्हणूनच आपल्या व्यापारी कुटुंबांतील वाचकांसाठी हा लेख.

आमचे चिरंजीव आणि सूनबाई नोकरीनिमित्त सिडनीत स्थायिक आहेत. सौभाग्यवतींसह तेथे तीन महिने राहण्याचा योग आला. पाहुण्यांना तेथे प्रथम ऑपेरा हाऊस आणि बंदरावरचा पूल दाखवतात, तेही पाहिले. परंतु बँकेत पस्तीस वर्षे खतावण्या आणि गहाणखते पाहण्यात गेली असल्यामुळे पाय वळत ते बाजाराकडेच. टाऊन हॉल स्थानकावर रेल्वेतून उतरावे, भुयारी वाटेने चार पावले चालावे, की आपण थेट या इमारतीच्या तळमजल्याखालच्या मजल्यावर पोहोचतो. पाऊस असो वा ऊन, रस्त्यावर यावेच लागत नाही. गिऱ्हाईक आगगाडीतून उतरून सरळ दुकानात शिरते, ही सोय कोणत्याही दुकानदाराला हेवा वाटावा अशीच आहे.

या जागेवर पूर्वीही शहराचा बाजारच भरत असे. भाजी, फळे, कोंबड्या, जुने सामान असा सगळा कोलाहल होता, आणि कोपऱ्यावर पोलीस न्यायालय होते. त्या जागी नवी भव्य बाजार-इमारत उभारण्याचा निर्णय नगरपालिकेने घेतला आणि १८९३ मध्ये कामाला हात घातला. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातील जमिनींचे भाव आधीच्या दशकात वेड्यासारखे वाढले होते. मेलबर्नमध्ये तर जमीन हातोहात फिरे, आणि बँका तीच जमीन तारण घेऊन आणखी कर्जे देत. बराचसा पैसा लंडनच्या ठेवीदारांचा होता. भाव कोसळले आणि १८९३ च्या एप्रिल-मे महिन्यांत दहाहून अधिक व्यापारी बँकांनी आपले दरवाजे लावून घेतले. तारणाची किंमत आणि कर्जदाराची परतफेडीची कुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांला प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवले जाई. प्रत्येक पिढी मात्र ते स्वतःच्या पैशाने पुन्हा शिकते. असो. त्या मंदीत सिडनीतील पाथरवट, गवंडी, सुतार, काचकाम करणारे कारागीर मोठ्या संख्येने रिकामे बसले होते. एवढी मोठी आणि नक्षीदार इमारत त्या दिवसांत हाती घेण्यामागे या हातांना काम मिळावे हाही हेतू होता, असे सांगतात. आपल्याकडे दुष्काळी कामे काढून रस्ते आणि तलाव बांधले गेले, त्याच जातीचा हा विचार म्हणता येईल. फक्त येथे तलावाऐवजी घुमट उभा राहिला.

नगरपालिकेचे वास्तुविशारद जॉर्ज मॅक्रे हे मूळचे स्कॉटलंडचे. त्यांनी एकाच इमारतीचे चार वेगवेगळ्या शैलींतील आराखडे पुढे ठेवले: गॉथिक, रेनेसाँ, क्वीन ॲन आणि रोमनेस्क. नगरसेवकांनी रोमनेस्क निवडला. जाड दगडी भिंती, अर्धगोल कमानी, आखूड खांब. पाच वर्षांनी, २१ जुलै १८९८ रोजी, ‘क्वीन व्हिक्टोरिया मार्केट बिल्डिंग’ या नावाने ती खुली झाली. आदल्याच वर्षी राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण झाली होती, त्यामुळे नावाचा शोध घ्यावा लागला नाही.

तळघरात घाऊक माल. गाड्या आणि माल खाली उतरवण्यासाठी पाण्याच्या दाबावर चालणारे पाळणे बसवले होते. रस्त्याच्या पातळीवर दुकाने, वर सज्जे, आणि त्यांवर काचेचे छप्पर, म्हणजे दिवसा दिवे लावण्याची गरज नाही. वरच्या मजल्यांवर शिंपी, केशकर्तनालये, फुलवाले, पियानोचा सूर लावून देणारे, हात पाहून भविष्य सांगणारे असे नाना तऱ्हेचे भाडेकरू होते. एक संगीत सभागृहही होते. भाडेकरूंच्या या यादीत एक नाव असे आहे की त्याच्यापाशी थोडे थांबल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

मेई क्वाँग टार्ट यांचा जन्म १८५० मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात झाला. वयाच्या नवव्या वर्षी ते आपल्या काकांबरोबर ब्रेडवूडच्या सोन्याच्या खाणींवर आले. एका स्कॉटिश कुटुंबाने त्यांना आपल्या घरात वाढवले; त्यामुळे हा चिनी मुलगा अस्सल स्कॉटिश ढंगाचे इंग्रजी बोलू लागला आणि स्कॉटलंडची गाणीही म्हणू लागला. खाणीतील भागीदारीत तरुणपणीच पैसा मिळाला. पुढे सिडनीला येऊन त्यांनी चहा आणि रेशीम यांचे दुकान थाटले. चहाची पारख गिऱ्हाइकाला व्हावी म्हणून ते दुकानातच त्याला पेलाभर चहा देत. लोक चहा विकत घेण्याऐवजी तो पिण्यासाठीच येऊ लागले! दुसरा एखादा दुकानदार वैतागला असता. त्यांनी मेज-खुर्च्या मांडल्या, सोबत स्कोन ठेवले आणि पैसे आकारायला सुरुवात केली. त्यातून त्यांची चहागृहांची साखळी उभी राहिली. स्त्रियांना शहरात निर्धास्तपणे बसता येईल अशा जागा त्या काळी फारच थोड्या होत्या. क्वाँग टार्ट यांची चहागृहे ही अशी जागा होती. १८९८ मध्ये या नव्या इमारतीत त्यांनी ‘एलीट हॉल’ नावाचे आपले सर्वांत मोठे दालन उघडले. त्यात सुमारे पाचशे माणसांची सोय होती आणि एक रंगमंचही होता.

केवळ पैसा मिळवला म्हणून मी त्यांची कथा सांगत नाही. अफूचा व्यापार बंद व्हावा यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे सरकारकडे अर्ज केले, सह्या गोळा केल्या. अफूवर जकात मिळत असल्याने सरकार ढिम्म राहिले. ज्या व्यवहाराने दुसऱ्याचे आयुष्य नासते तो कायदेशीर असला तरी करू नये, ही गोष्ट आपल्या घराण्यांत पंधरा कर्मादानांच्या रूपाने लहानपणापासून कानावर पडते. जैन धर्माशी काहीही संबंध नसलेला एक चिनी व्यापारी त्याच निष्कर्षाला स्वतःच्या वाटेने पोहोचला होता, याचे मला विशेष वाटले. आपल्या नोकरांना आजारपणात पगार चालू ठेवणारा तो मालक होता. आणि हे सर्व अशा काळात, की ज्या काळात चिन्यांविरुद्ध उघड द्वेष होता. १९०१ मध्ये नव्याने एक झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या संसदेने परदेशातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. त्यात युरोपीय भाषेत श्रुतलेखनाची परीक्षा होती, आणि ती नको असलेल्या माणसाला नापास करण्यासाठीच रचलेली होती. आपल्या हिंदुस्थानातील माणसांनाही त्या कायद्याने कित्येक दशके बाहेर ठेवले. १९०२ च्या ऑगस्टमध्ये याच इमारतीतील आपल्या कचेरीत बसले असताना क्वाँग टार्ट यांच्यावर एका लुटारूने लोखंडी गजाने हल्ला केला. त्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत आणि पुढल्या वर्षी जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. आज त्या सज्जात उभे राहिले की आजूबाजूला चिनी, कोरियन, भारतीय अशीच निम्मी गर्दी दिसते. आपला चिरंजीव त्यात बिनदिक्कत वावरतो, तेव्हा १९०१ सालचा तो कायदा मला आठवतोच.

इमारत सुंदर होती, पण व्यवहार जमला नाही. बांधकामाचा खर्च मोठा, त्यासाठी काढलेले कर्ज मोठे, आणि भाडे इतके अपुरे की नगरपालिकेला वर्षानुवर्षे पदरमोड करावी लागली. अरुंद आणि लांबलचक इमारतीत आतल्या मार्गिकेतले गाळे रस्त्याकडच्या गाळ्यांइतके चालत नाहीत, हे आपल्याकडचा कोणताही दुकानदार सांगेल. घाऊक भाजीबाजार पुढे दक्षिणेकडे हेमार्केट भागात गेला आणि तळघराचे मूळ प्रयोजनच सरले. उत्पन्न वाढावे म्हणून १९१७ च्या सुमारास आतली मोकळी मार्गिका भरून टाकून भाड्याची जागा वाढवण्यात आली. १९१८ मध्ये नावातला ‘मार्केट’ हा शब्दही गळाला. तिसाव्या दशकात तर आतली बरीचशी रचना बदलून तेथे कचेऱ्या थाटल्या गेल्या. वीजपुरवठा करणारी सिडनी काउंटी कौन्सिल ही संस्था मुख्य भाडेकरू झाली. शहराचे ग्रंथालयही येथेच होते. सज्जे बंद झाले, उजेड अडला, नक्षीवर पत्रे आणि फळ्या ठोकल्या गेल्या. ज्यांनी आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत सोप्यावर प्लायवूड मारून केलेली झेरॉक्सची दुकाने पाहिली आहेत, त्यांना याहून अधिक वर्णन नको.

१९५७ मध्ये सिडनीतील इमारतींच्या उंचीवरील जुनी मर्यादा उठली आणि मध्यवस्तीतील जमिनीला सोन्याचा भाव आला. १९५९ मध्ये तेव्हाचे महापौर हॅरी जेन्सन यांनी ही इमारत पाडून तेथे नागरिकांसाठी मोकळा चौक आणि त्याखाली वाहनतळ करावा, अशी योजना मांडली. त्या काळाच्या दृष्टीने ती वेडगळ नव्हती, हेही सांगितले पाहिजे. इमारत काळवंडलेली, उत्पन्न तुटपुंजे, शहरात गाड्या लावायला जागा नाही; जेन्सन काही दुष्ट गृहस्थ नव्हते. मी स्वतः मूल्यांकनाचे जे अहवाल आयुष्यभर वाचले, त्यांत शंभर वर्षांच्या बांधकामापुढे ‘घसारा वजा जाता मूल्य नाममात्र’ एवढेच लिहिलेले असे. जमिनीचा भाव चौरस फुटावर मांडता येतो, सागवानी खांबावरच्या कोरीव कामाला रकाना नसतो. ज्याला रकाना नाही ते ताळेबंदात शून्य.

इमारत वाचली ती दोन कारणांनी, असे माझे मत आहे. पहिले कारण अगदी रूक्ष आहे: वीजमंडळाला कचेरीसाठी जागा हवीच होती, त्यामुळे पाडण्याचा मुहूर्त लांबत गेला. दुसरे कारण, तेवढ्या अवधीत लोकांची दृष्टी बदलली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी सिडनीतील बांधकाम मजुरांच्या संघटनेने, जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखाली, जुन्या वस्त्या पाडण्याच्या कामावर जाण्यासच नकार दिला. बंदराकाठचा ‘द रॉक्स’ हा भाग त्यामुळे शिल्लक राहिला. मजुरी बुडवून वारसा राखणारे मजूर, ही गोष्ट मला सिडनीच्या इतिहासात सर्वांत आश्चर्याची वाटली. १९७१ मध्ये महापौरांनी ही इमारत राखण्याचे जाहीर केले. १९७४ मध्ये नॅशनल ट्रस्टने तिला जतन करण्याजोगी वास्तू म्हणून मान्यता दिली.

राखायचे ठरले, पण पैसा कोण घालणार? नगरपालिकेपाशी नव्हता. आणि येथेच बँकवाल्याच्या आवडीचा भाग सुरू होतो. १९८३ मध्ये मलेशियातील इपोह गार्डन या कंपनीशी करार झाला. नगरपालिकेने इमारत विकली नाही. ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. कंपनीने स्वतःच्या भांडवलाने तिचा जीर्णोद्धार करायचा, खाली वाहनतळ बांधायचा, दुकाने भाड्याने द्यायची आणि मुदत संपेपर्यंत उत्पन्न घ्यायचे. जमीन आणि वास्तू शहराचीच. आपल्याकडे एमआयडीसीचे भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने देतात, त्यामुळे ही कल्पना उद्योजक वाचकांना परकी नाही. मुदत इतकी लांब का, असे चिरंजीवाने विचारले. उत्तर सोपे आहे. दहा वर्षांचा पट्टा असेल तर भाडेकरू रंग मारील. तीस वर्षांचा असेल तर फरशी बदलील. घुमट दुरुस्त करायचा असेल तर त्याच्या नातवाला भाडे मिळण्याची खात्री लागते. शिवाय मुदत लांब असेल तरच त्या हक्कावर कोणी कर्ज देतो.

दोन-तीन वर्षांच्या कामानंतर १९८६ च्या अखेरीस इमारत पुन्हा उघडली. बाहेरचा दगड आणि घुमट जुनेच आहेत. आतले मात्र बहुतेक नव्याने घडवलेले आहे, कारण कचेऱ्यांच्या काळात मूळचे फारसे शिल्लकच राहिले नव्हते. मधली मार्गिका पुन्हा मोकळी केली, सज्जे पुन्हा काढले, जुन्या नमुन्याबरहुकूम फरशा बनवून घेतल्या, काचेचे छप्पर उजेडासाठी खुले केले. काही जाणकार नाक मुरडतात, की ही जीर्णोद्धाराची नक्कल आहे. त्यांचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असेल. परंतु आपल्या मंदिरांचे जीर्णोद्धार पाहिलेल्या माणसाला त्यात फारसे वावगे वाटत नाही. झिजलेला खांब काढून तसाच दुसरा बसवला म्हणून मंदिर दुसरे होत नाही; तेथे पूजा चालू आहे की नाही, हे आपण पाहतो. येथे व्यापार चालू आहे.

आत हिंडताना पाहण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. छतापासून लोंबणारी दोन प्रचंड घड्याळे आहेत. एकात इंग्लंडच्या राजेराण्यांचे प्रसंग फिरत्या चित्रांतून दिसतात. पहिल्या चार्ल्स राजाच्या शिरच्छेदाचा प्रसंगही त्यात आहे आणि शाळकरी मुले नेमकी त्याचीच वाट पाहतात. दुसरे सुमारे दहा मीटर उंचीचे आणि चार टन वजनाचे ऑस्ट्रेलियन घड्याळ मला अधिक मोलाचे वाटले. त्यात या भूमीचा इतिहास ३३ दृश्यांत, आदिवासी आणि युरोपीय अशा दोन्ही बाजूंनी मांडला आहे. आदिवासी मुलांना आईबापांपासून हिरावून नेल्याचे दृश्यही त्यातून वगळलेले नाही. एका बाजारात, खरेदीला आलेल्या माणसाच्या डोक्यावर, आपल्याच सरकारचे असे कृत्य टांगून ठेवायला धैर्य लागते.

वर एका काचपेटीत राणी एलिझाबेथ यांनी १९८६ मध्ये लिहिलेले बंद पाकीट आहे. त्यात काय आहे हे कोणालाही माहीत नाही. २०८५ साली सिडनीच्या महापौरांनी ते उघडून मजकूर नागरिकांना सांगायचा आहे. भाडेपट्ट्याची ९९ वर्षेही त्याच दशकात पूर्ण होतील. राणीच्या पत्रापेक्षा त्या वर्षीचे हिशेबपत्रक वाचायला मिळावे, असे मला वाटले. पण दोन्हींसाठी आयुष्य पुरणारे नाही.

बाहेर, टाऊन हॉलच्या बाजूला, राणी व्हिक्टोरियाचा बसलेला ब्राँझचा पुतळा आहे. तो मूळचा सिडनीचा नव्हेच. जॉन ह्यूज या शिल्पकाराचा हा पुतळा १९०८ मध्ये डब्लिनला बसवला होता. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर संसदेच्या दारात राणी नको म्हणून १९४८ मध्ये तो काढला आणि तो कित्येक वर्षे अडगळीत पडून राहिला. जीर्णोद्धाराच्या वेळी राणीचा पुतळा शोधत फिरणाऱ्यांना तो आयर्लंडमध्ये सापडला आणि १९८७ मध्ये येथे बसला. ही कथा वाचताना आपल्याला मुंबईचा पुतळा आठवल्यावाचून राहत नाही. खंडेराव गायकवाडांच्या खर्चाने फोर्टात उभारलेल्या त्या संगमरवरी राणीला चापेकरांनी डांबर फासले होते. आज ती भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. एकीच्या राज्यात किती जणांचा किती प्रकारचा राग होता, हे पुतळ्यांच्या प्रवासावरून कळते. सिडनीत मात्र पर्यटक तिच्या पायाशी बसून सँडविच खातात.

शेजारी राणीच्या लाडक्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्याच्यासमोर नाणे टाकण्याची जागा असून जमा झालेले पैसे अंध आणि बधिर मुलांसाठी जातात. ध्वनिमुद्रित आवाजात कुत्रा स्वतःच देणगी मागतो आणि शेवटी भुंकतो. त्याच्या नावाचा इंग्रजी उच्चार ‘आयला’ असा आहे. आमचा नातू तो मोठ्याने उच्चारी आणि सौभाग्यवती त्याला गप्प करीत.

खाण्याच्या बाबतीत थोडे सांगतो, कारण आपले वाचक तेच प्रथम विचारतील. वरच्या मजल्यावर चहा सोज्ज्वळपणे मिळतो. स्कोनमध्ये अंडे आहे किंवा नाही, हे विचारल्यावर तेथील मुलीने आत जाऊन, पाहून, येऊन सांगितले; चिडली नाही. आम्ही डिसेंबरात होतो, तेव्हा सूर्य आठ वाजता मावळत असल्याने चोविहार पाळणे सोपे गेले. जून-जुलैत तेथे पाचच्या सुमारास अंधार पडतो. त्या दिवसांत जाणाऱ्यांनी दुपारीच डबा उघडावा.

२००९ मध्ये पुन्हा सुमारे ४ कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून नूतनीकरण झाले. त्या वेळी बसवलेले चमकदार सरकते जिने अनेकांना खटकले, आणि मलाही खटकले. जुन्या पितांबरावर प्लॅस्टिकचा पट्टा बांधावा तसे ते दिसतात. पण ते नसते तर वरच्या मजल्यावरच्या गाळ्याचे भाडे कोणी दिले असते? माझ्या वयाची माणसे तरी चढून गेली नसती. कंपनीचा हक्क पुढे सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक संस्थेकडे गेला. आज त्यात ऑस्ट्रेलियातील एका कंपनीबरोबर हाँगकाँगच्या लिंक या न्यासाचा निम्मा वाटा आहे. मालकी हक्क आशियात हिंडतो आहे, इमारत जागची हललेली नाही. आणि ज्या इमारतीत चिनी दुकानदाराला लोखंडी गजाचा मार बसला, तिचे निम्मे भाडे आज हाँगकाँगला जमा होते.

आपल्याकडील बाजारांचा विचार मनात येतोच. पुण्याची मंडई १८८६ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली, म्हणजे ती सिडनीच्या या बाजाराहून बारा वर्षांनी मोठी. तेव्हा नगरपालिकेचे सदस्य राहिलेल्या महात्मा फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. आज तीच मंडई त्यांच्या नावाने ओळखली जाते. तेथे अजून कोथिंबीर आणि वांगीच विकली जातात, आणि माझ्या मते तसेच राहावे. सिडनीच्या बाजारातून भाजीवाला कायमचा गेला. तेथे आता पाचशे डॉलरचा हातरुमाल बघायला मिळाला तरी नवल वाटत नाही. वास्तू वाचली, पण तिच्यात जो माल येई आणि जी माणसे येत, ती वाचली नाहीत. हा हिशेबातला खर्च आहे आणि तो लपवू नये.

माझ्या सासुरवाडीचा वाडा एका तालुक्याच्या गावी मुख्य पेठेत आहे. पुढे कापडाची पेढी, मागे घर, सागवानी खांब, वर माडी. हिस्सेदार सात, त्यांतले चार गावाबाहेर. पाडून चार मजली व्यापारी संकुल करण्याचा प्रस्ताव दोन वर्षांपासून येतो आहे, आणि बँकेत होतो म्हणून कागद माझ्याकडे येतात. सिडनीहून परतल्यावर मी त्यांना एक दुसरा कागद तयार करून दिला. वाडा कोणी विकायचा नाही आणि पाडायचा नाही. रस्त्याकडचे दोन खण आणि माडी मिळून एका चांगल्या भाडेकरूला २९ वर्षांच्या नोंदणीकृत पट्ट्याने द्यावी. दुरुस्तीचा खर्च भाडेकरूने करावा, आराखडा सातही जणांनी मंजूर करावा, आणि भाडे सात खात्यांत हिश्शाप्रमाणे जमा व्हावे. २९ वर्षेच अशासाठी की महाराष्ट्रात दहा ते २९ वर्षांच्या पट्ट्यावर मुद्रांक शुल्क मालमत्तेच्या मूल्याच्या ५० टक्क्यांवर आकारले जाते, त्यापुढे ते ९० टक्क्यांवर जाते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो, तेव्हा नोंदणी टाळण्याचा विचार कोणी करू नये. साध्या कागदावर केलेल्या अशा पट्ट्यांमुळे पुढच्या पिढ्या न्यायालयात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

मेहुण्यांपैकी थोरल्यांना हे पटले आहे. धाकट्यांना एकरकमी पैसा हवा आहे, कारण त्यांच्या मुलाला पुण्यात दुकान घ्यायचे आहे, आणि त्यांची गरज खोटी नाही. त्यांचा हिस्सा इतर सहांनी मिळून विकत घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणत्या भावाने, यावर बोलणे अडले आहे. मूल्यांकन करणाऱ्याला मी सांगितले आहे की सागवानाचा घनफुटाचा भाव आणि खांबांची मापे वेगळ्या रकान्यात लिहून द्यावीत. अक्षय्य तृतीयेला पारण्यासाठी सातही घरची माणसे गावी एकत्र येणार आहेत. त्या आधी तो अहवाल हाती यायला हवा.